दुसऱ्याच्या पैशांचा चहा

मांडव्याच्या जेट्टीवर मास्तरांच्या आधी चहाचे पैसे देणं कुणालाच जमायचं नाही. पुष्कळांनी प्रयत्न करून पाहिले. एक खलाशी तर टपरीवर पाऊल टाकायच्या आधीच नोट मुठीत धरून आला होता. तो मूठ उघडतोय तोवर टपरीवाला संतोष म्हणाला, "झाले की पैसे. मास्तर मघाशीच देऊन गेले." मास्तर तेव्हा तिकीटखिडकीच्या सावलीत उभे राहून समुद्राकडे बघत होते. या प्रकाराशी आपला काही संबंधच नाही, असा त्यांचा चेहरा होता.

मी लाँच कंपनीच्या तिकीटखिडकीवर कामाला लागले तेव्हा मास्तर तिथले सगळ्यांत जुने. मुंबईच्या लाँचची तिकिटं, उतारूंच्या रांगा, कुणाचं सामान राहिलं, कुणाचं म्हातारं माणूस धक्क्यावरून उतरवायचं, ही सगळी कामं त्यांच्याकडे. तिकीट मास्तर म्हणून मास्तर. शाळेशी त्यांचं फारसं कधी जमलं नव्हतं. उंच, वाळलेले, पांढरा शर्ट रोज धुतलेला. पायातल्या चपलेचा अंगठा मात्र जाड दोऱ्याने दोनदा शिवलेला. स्वतःसाठी काही घ्यायची वेळ आली की मास्तरांना एकदम महागाई दिसायची.

सकाळी आल्यावर ते आधी जेट्टीच्या टोकाला जाऊन पाणी बघून यायचे आणि मला सांगायचे, "आज बाईसाहेब खुशीत हायत," किंवा, "आज जरा जपून, कुणाशी तरी भांडून आल्यात." बाईसाहेब म्हणजे समुद्र. धावत आलेल्या उतारूला "लाँच गेली" असं त्यांनी कधी सांगितलं नाही. डोळ्यांदेखत लाँच दूर चाललेली असायची आणि मास्तर त्या घामाघूम माणसाला म्हणायचे, "ती न्हाय हो तुमची. पुढची तुमची हाय." माणूस हसायचा. मग मास्तर त्याला संतोषच्या टपरीवर घेऊन जायचे.

चहाच्या बाबतीत त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. "ऱ्हाऊ दे, माझ्याकडं सुट्टं हाय." वाक्य जुनं, सुट्ट्या पैशांच्या काळातलं. पुढे संतोषने फोनवरून पैसे घ्यायची सोय केली, पैसे आले की मोठ्याने सांगणारा छोटा डबा टपरीवर टांगला, तरी मास्तरांनी वाक्य बदललं नाही. फोन पुढे धरून म्हणायचे, "माझ्याकडं सुट्टं हाय." डब्यातली बाई आकडा पुकारायची आणि मास्तर मान डोलवायचे. "काय गोड बोलते बघ," मला म्हणायचे. "आमची मालकीण असं कधी बोलली न्हाय."

मालकीण असं का बोलत नव्हती, ते मला एका वाऱ्याच्या दिवशी कळलं.

फेब्रुवारी संपत आला होता. दुपारी वारा असा सुटला की लाँच बंद ठेवाव्या लागल्या. जेट्टीवर उतारू अडकून पडले. कुणाचं मुंबईहून विमान होतं, कुणाच्या घरी साखरपुडा होता, आणि सगळे येऊन माझ्यावर ओरडत होते, जसं काही वारा मीच सोडला होता. मास्तर मध्येच नाहीसे झाले. थोड्या वेळाने संतोष आणि त्याची बायको किटल्या आणि भज्यांची ताटं घेऊन रांगेतून फिरायला लागले. "घ्या, घ्या, मास्तरांकडनं हाय." ओरडणारी तोंडं भज्यांनी बंद झाली. आवासला बंगला असलेले एक गृहस्थ कुत्रा घेऊन उभे होते. त्यांनी भजी खाऊन झाल्यावर पाचशेची नोट काढली. मास्तरांनी दोन्ही हात जोडले. "साहेब, तुम्ही आमच्या जेट्टीवर पाहुणे. असं करू नका." त्यांना खरोखर लागलं होतं. शिवाय कुत्र्यासाठी त्यांनी बिस्किटं वेगळी आणली होती.

संध्याकाळी मी स्कूटीवरून किहीमला घरी निघाले, तर मास्तर रस्त्याच्या कडेने चालत चाललेले. त्यांचं घर सासवण्याला, चालत जायचं म्हणजे चांगलंच लांब.

"मास्तर, रिक्षा नाही मिळाली?"

"मिळाली की. म्हटलं, पाय मोकळे करावेत."

मी त्यांना मागे बसवलं. घरापाशी उतरल्यावर सवयीने त्यांचा हात खिशात गेला. मला पेट्रोलचे पैसे द्यायचे होते त्यांना. हात आतल्या आत थोडा वेळ फिरला आणि तसाच बाहेर आला.

त्यांच्या बायको, काकी, तिथेच रस्त्यालगत पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत बसल्या होत्या. अलिबागला येणारे-जाणारे प्रवासी गाडी थांबवून त्या माळा घेतात. काकींनी तो हात बघितला.

"आज कुणाला जेवू घातलंत?"

"जेवू कुठं? भजी निस्ती."

काकी माझ्याकडे वळल्या. "बाय, ह्यांचा हात खिशात जाताना कुणाला दिसत न्हाय. रिकामा निघताना मलाच तेवढा दिसतो." आणि त्यांनी मला एक माळ दिली. मी पैसे काढले तर मास्तर ओरडले, "अगो, ऱ्हाऊ दे!" काकींनी त्यांच्याकडे न बघता माझ्या हातातले पैसे घेतले आणि कनवटीला लावले.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, "मास्तर, एखाद्या दिवशी दुसऱ्याला देऊ द्या की." तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी विसरलेले नाही. त्यांचे वडील धरमतरच्या खाडीकडे मिठागरावर कामाला होते. काम असलं तर असलं. संध्याकाळी ते गावातल्या चहाच्या दुकानासमोर जाऊन उभे राहायचे. कुणीतरी "ये, घे अर्धा" म्हणेपर्यंत तसेच उभे राहायचे. एके दिवशी छोटे मास्तर त्यांच्या बोटाला धरून गेले होते. बाकावर बसलेली माणसं या दोघांना येताना बघून उठली. एक जण म्हणाला, "चला, आला तो."

"बानं ऐकलं," मास्तर म्हणाले. "मीपण ऐकलं. बा हसला. मला म्हणाला, चल, आज आपल्याला तहान न्हाय." मग बराच वेळ ते खिडकीच्या कडेला साठलेलं मीठ नखाने खरवडत राहिले. "तवाच ठरवलं. आपल्यामुळं कुणी बाकावरनं उठायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशीपासून मीही मुकाट्याने त्यांचा चहा पीत राहिले.

मास्तरांची एकुलती एक मुलगी अश्विनी. हुशार, बापासारखीच उंच, आणि आईसारखी कमी बोलणारी. तिला नर्स व्हायचं होतं. बारावीला मार्क चांगले पडले, मुंबईच्या एका नर्सिंग कॉलेजात नाव लागलं. फीसाठी काकींनी कांद्याच्या कितीतरी हंगामांचे पैसे बँकेत दोघांच्या नावावर ठेवले होते. कॉलेजात पैसे भरायचे म्हणून त्या बँकेत गेल्या, तेव्हा त्यांना कळलं की ती ठेव मोडलेली आहे.

ती गेली होती हळदीत. मास्तरांच्या थोरल्या भावाच्या मुलाचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, हे इथल्या कुणालाही ठाऊक आहे. सगळं गाव जेवतं, भावकी जेवते, वाटेने जाणारा जेवतो. मीही गेले होते. गाणी चालली होती, मटणाचा वास सुटला होता, आणि मध्येच मास्तरांनी गाणाऱ्याच्या हातून माइक घेतला. "आजचं जेवण काकाकडनं!" मांडवात टाळ्या पडल्या. भाऊ लगबगीने पुढे आला. त्याने त्या जेवणासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते. मास्तरांचा हात धरून म्हणाला, "न्हाय रं, असं करू नको. माझ्या पोराचं हाय." मास्तर माइकवरच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, माझ्याकडं सुट्टं हाय." सगळा मांडव हसला. भाऊ हसला नाही. तो स्वयंपाकाच्या बाजूला गेला आणि पंगती उठेपर्यंत पुढे आला नाही.

बोनस मिळाला की ठेव परत भरायची, असा मास्तरांचा विचार होता. तो खोटा नव्हता. पण बोनस जेट्टीवरून घरापर्यंत कधी पोचलाच नाही.

अश्विनी रडली नाही, की तिने बापाला बोल लावला नाही. म्हणाली, "पुढच्या वर्षी जाईन. तोवर अलिबागला कॉम्प्युटरचा क्लास लावते." मास्तरांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जेट्टीवर सगळ्यांना सांगितलं, "पोरगी कॉम्प्युटर शिकते आता." आणि त्याबद्दलही चहा पाजला.

मे महिना संपला की पावसाळ्यापुरत्या आमच्या लाँच बंद होतात. अश्विनीचं कॉलेज हुकल्यानंतरच्या मे महिन्यात मुंबईहून नवे मॅनेजर आलेले होते. हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना किहीमच्या समुद्राजवळच्या एका हॉटेलात जेवायला नेलं. तरुण माणूस, मनाने चांगला. गाडीतून उतरतानाच म्हणाला, "आज सगळं माझ्याकडून हं." खलाश्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग मास्तरांकडे. मास्तर शांतपणे खुर्ची ओढून बसले. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते आम्हाला बरोबर कळत होतं.

सुरमई आली, तांदळाची भाकरी आली, सोलकढी आली. जेवण निम्म्यावर असताना मास्तर उठले. "हात धुवून येतो."

निम्म्या जेवणात कोण हात धुतं? मॅनेजरला हे माहीत नव्हतं, आम्हाला होतं. मला पाण्याचा जग भरून आणायचा होता म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेले. हॉटेलचं काउंटर आतल्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारापाशी होतं. मास्तर फोन काढतच तिथे पोचले. "त्या कोपऱ्यातल्या टेबलाचं..." एवढं बोलले आणि थांबले.

काउंटरमागे अश्विनी बसली होती.

हॉटेलचा निळा शर्ट, कानामागे पेन. तिनेही त्यांना त्याच क्षणी बघितलं असणार. पण ती उठली नाही.

"तू हितं काय करते?" मास्तरांचा आवाज फार बारीक आला.

"काम करते."

"आणि क्लास?"

"क्लास न्हाय लावला, बाबा. इथंच येते रोज. फी जमवायला. यंदा पुरत न्हाय, पुढच्या वर्षी बघू."

पण सवय कशी असते बघा. एवढं ऐकूनही त्यांचा फोन धरलेला हात पुढेच जात होता. काउंटरवर पैसे भरायचा तो काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा पुठ्ठा उभा होता, त्याच्याकडे. अश्विनीने आपला तळहात त्या पुठ्ठ्यावर ठेवला.

"ह्या टेबलाचं बिल त्या साहेबांनी देणार म्हणून सांगितलंय. मी दुसऱ्या कुणाकडून घेणार न्हाय."

"अगो, पण माझे साहेब हायत ते..."

"बाबा, हे बिल म्हणजे माझ्या महिन्याचा पगार हाय." ती हळू बोलत होती, मागे आचारी होता म्हणून. "तुम्ही जेवा. मासा गार होतोय."

मी जग न भरताच परत फिरले. मास्तर आले, बसले. ताटातली सुरमई त्यांनी खाल्ली नाही. शेवटी अश्विनीच बिल घेऊन टेबलापाशी आली. बडीशेपेच्या ताटलीत ते ठेवून तिने ताटली मॅनेजरपुढे सरकवली. मॅनेजरने पैसे दिले, "जेवण फार छान होतं" असं तिला म्हणाला. ती हसली आणि गेली. ती कोण, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

परत येताना मास्तर माझ्या स्कूटीवर मागे बसले होते. सासवण्याला उतरल्यावर म्हणाले, "तिनं पुठ्ठ्यावर हात ठेवला ना गो... हात जरापण हलत नव्हता तिचा."

त्या पावसाळ्यात मास्तरांनी स्वतःला सुधारायला घेतलं, आणि तेही त्यांच्याच पद्धतीने. पहिल्यांदा त्यांनी शिंप्याकडे जाऊन सगळ्या शर्टांचे खिसे शिवून बंद करून घेतले. शिंप्याने विचारलं, "मग खिसा काढूनच टाकू का?" तर म्हणाले, "न्हाय. दिसू दे. मला समजू दे, खिसा हाय पण वाट बंद हाय." मग स्मार्टफोन काकींच्या हवाली केला आणि बटणांचा जुना फोन शोधून काढला. मग चहा सोडला. मग गावातल्या नाक्यावर जाणं सोडलं, कारण नाक्यावर चहा होता. मग लोकांशी बोलणंही सोडलं, कारण बोलणं सुरू झालं की ते चहापाशी जाऊन पोचायचं.

ऑगस्टमध्ये मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. शर्टाचे खिसे शिवलेले, दाढी वाढलेली. पैसे वाचत होते, पण माणूस वाळत चालला होता.

काकींनी मला आत बोलावलं. "हे काय खरं न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांना वाटतं, देयाला न्हाय तर माणसांत जाऊच नये. आता मीच सांगितलंय ह्यांना. देऊ नका आणि लपूपण नका. घ्यायला शिका. लाँच सुरू झाल्या की रोज एकाच्या पैशाचा चहा प्यायचा आणि घरी येऊन मला सांगायचं, कुणी पाजला."

"आणि नाही जमलं तर?"

"तर जेवायला वाढीन. बोलणार न्हाय." काकींनी हे अगदी सहज सांगितलं.

सप्टेंबरात लाँच सुरू झाल्या. पहिल्या दिवशी मास्तर जेट्टीवर आले, टोकाला जाऊन पाणी बघितलं, पण बाईसाहेब कशा आहेत ते काही सांगितलं नाही. दहा वाजता माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"काय मास्तर?"

"आज... तू पाजशील का गो?"

आम्ही टपरीवर गेलो. मी संतोषला पैसे दिले. संतोष माझ्याकडे आणि मास्तरांकडे आळीपाळीने बघत राहिला. मास्तरांना बाकावर बसायला सांगितलं तर बसले नाहीत. उभ्यानेच, काढा घ्यावा तसा चहा त्यांनी घशाखाली घातला, पेला ठेवला आणि मला म्हणाले, "धन्यवाद." आमच्या टपरीवर हा शब्द त्याआधी कुणी वापरला नसेल. संतोष तोंड फिरवून हसला. मला हसू आलं नाही. साठीला आलेला माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी उभं होतं.

दुसऱ्या दिवशी संतोषनेच पाजला. तिसऱ्या दिवशी हमालाने. जेट्टीवर ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही आणि मग गंमत अशी झाली की लोकांची रांगच लागली. मास्तरांना चहा पाजायचा होता सगळ्यांना. ज्यांच्या मुठीतली नोट वर्षानुवर्षं मुठीतच राहिली होती, ते सगळे पुढे आले.

त्यात बोडणीचा एक म्हातारा कोळी खलाशी होता. त्याने मास्तरांच्या हातात पेला दिला आणि समोर बाकावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, खरं सांगू? तुम्ही येचे आदी मी चा पिऊन घेयाचो. लांबनं तुम्ही दिसलाव की उठून लाँचवर जायाचो."

"का रं?"

"रोज रोज तुमचाच चा. मना लाज वाटं."

मास्तरांचा पेला हवेतच राहिला. मी खिडकीतून बघत होते. वडिलांची गोष्ट तिथे फक्त मला ठाऊक होती, त्यामुळे मास्तरांच्या चेहऱ्यावर काय होतंय ते मलाच तेवढं कळत होतं. त्यांनी पेला खाली ठेवला, चालत जेट्टीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथे पाण्याकडे बघत उभे राहिले. मी कुणाला तरी पाठवणार होते. तेवढ्यात तेच परत आले. म्हाताऱ्याच्या शेजारी, अगदी खेटून, बाकावर बसले.

"उठून जायचास म्हण की."

"व्हय."

"मग आता बस हितं," मास्तर म्हणाले आणि गार झालेला चहा उचलला. "आणि उद्यापण तूच पाज."

त्यानंतर मास्तर बसून चहा प्यायला लागले. सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. दिवाळीत पर्यटकांची झुंबड होती, तेव्हा संतोषकडे उधारीवर लिहायला सांगून त्यांनी एका अख्ख्या सहलीला वडापाव खाऊ घातले. संध्याकाळी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "आज घसरलो गो. घरी तूच सांग." मी घाबरत घाबरत काकींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "स्वतः सांगायला आले तुझ्याकडं?" मी हो म्हटलं. काकी हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "मग उतरतंय अंगातलं," म्हणाल्या.

मुलीला आणायला मास्तर रोज संध्याकाळी त्या हॉटेलात जात. सुरुवातीला बाहेर, सुरूच्या झाडाखाली थांबायचे. एक दिवस आत गेले, एकटेच टेबलाशी बसले, फक्त चहा मागवला आणि काउंटरवर जाऊन फक्त आपल्या चहाचे पैसे दिले. अश्विनीने उरलेले पैसे परत केले. ते त्यांनी तिच्यासमोर मुठीत घेतले आणि घरी जाऊन काकींना दिले. अश्विनीने हे मला नंतर सांगितलं. म्हणाली, "ताई, बाबांना उरलेले पैसे परत घेताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. नेहमी म्हणायचे, ठेव तुला."

भावाकडेही ते गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पण माघी गणपतीला भावाच्या घरी जेवून आले, आणि सांगत होते की वहिनीने आग्रह करून पुन्हा मोदक वाढले, "आणि मी न्हाय म्हटलं न्हाय."

पुढच्या जूनमध्ये अश्विनीची फी भरली गेली. त्यात तिचा पगार होता, काकींचे कांदे होते आणि मास्तरांचा बोनसही होता. त्या वर्षी तो जेट्टीवरून घरापर्यंत पोचला.

आता मास्तर निवृत्त झालेत. त्यांची जागा माझ्याकडे आली आहे, पाणी बघायला टोकापर्यंत मीही जाते, पण मला त्यातलं काही कळत नाही. अश्विनी मुंबईच्या एका इस्पितळात नर्स आहे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी जेट्टीवर भयंकर गर्दी होती. रांग पार पार्किंगपर्यंत गेलेली. आणि त्या रांगेत मास्तर उभे. इस्त्रीचा शर्ट, पायात नवी चप्पल, शेजारी नऊवारीतल्या काकी. ज्या माणसाने निम्मं आयुष्य खिडकीच्या आत काढलं, तो रांगेत नंबर लावून उभा होता. मी हाक मारून पुढे बोलावलं तर मानेनेच नको म्हणाले.

खिडकीशी आले तेव्हा काकींनी पदराखालून फोन काढून माझ्यापुढे धरला. त्यावर दोन तिकिटं होती, वरच्या डेकची, वातानुकूलित. काकी इतकी वर्षं या समुद्राच्या काठावर राहिल्या, पण लाँचने मुंबईला कधी गेल्या नव्हत्या.

"अश्विनीनं काढलीत," मास्तर म्हणाले. मला म्हणाले, पण आवाज सगळ्या रांगेसाठी होता. "पोरीनं पैसे भरलेत. मी एक रुपाया दिला न्हाय. तिथं हॉटेलात ठेवणार हाय, ते पण तीच देणार."

मागचे एक गृहस्थ "वा वा" म्हणाले. एवढं पुरे झालं. मास्तर पूर्ण मागे वळले. "आणि परत येतानाची पण काढलीत. मी म्हटलं, बाय, काढ. मी न्हाय म्हणणार न्हाय."

काकी त्यांना कोपराने ढोसत होत्या. "बास की आता. किती सांगाल?"

"बास कसं?" मास्तर टाचा उंचावून रांगेच्या शेवटाकडे बघत म्हणाले. "तिकडं मागं कुठं ऐकू गेलंय अजून?"